'मध्यम' हॉटेल नेमकं कुणाचं?

नाताळची सुट्टी जवळ आली की अफझलगंजातल्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसांत चौकशा वाढतात आणि घराघरात एकच चर्चा: थंड हवेच्या ठिकाणी जाऊ, पण राहायचं कुठे? उत्तरही ठरलेलं, "मध्यम बजेटचं हॉटेल बघा."

आता हे 'मध्यम' म्हणजे किती? सरकारच्या लेखी दीड हजाराची खोली आणि सात हजाराची खोली एकाच पंगतीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे. त्याआधी हजाराच्या वरच्या अशा खोलीवर १२ टक्के होता. चार हजारांच्या खोलीमागे करात २८० रुपये कमी झाले, चांगलंच आहे. पण आपलं गणित करावर अडत नाही, माणसांवर अडतं.

जाहिरातीतला दर बहुधा दोघांचा असतो. आपल्याकडे आई-बाबा, आपण दोघं भावंडं आणि आजी. जादा गादी मिळत नाही म्हटलं की खोल्या दोन, खर्च दुप्पट. मग काटछाट सुरू होते आणि पहिलं नाव आजीचं जातं: "तिला कुठे झेपणार?" माझा आक्षेप इथेच आहे.

हॉटेल निवडताना फोटो नव्हे, घरातलं सर्वांत थकलेलं माणूस डोळ्यांपुढे ठेवावं. माथेरानला गाड्या दस्तुरी नाक्यापाशीच थांबतात. पुढे पायी, घोड्यावर किंवा अमन लॉजहून छोट्या रेल्वेनं. तिथली लांबची स्वस्त खोली आजीच्या गुडघ्यांना महागच पडणार.

डोंगरमाथ्यावरच राहायचा हट्टही कशाला? महाबळेश्वर परवडत नसेल तर पायथ्याचं वाई आहे, चिखलदऱ्यासाठी परतवाडा आहे. पहाटेचं धुकं हुकेल, कबूल. पण आजी सोबत असेल. आणि तेही लांब वाटलं, तर आपल्या अफझलगंजाशेजारून वाहणारी मुसी जिथे उगम पावते, ते अनंतगिरीचे डोंगर विकाराबादजवळच आहेत. तेलंगणा पर्यटनाचं हरिता रिसॉर्टही तिथे आहे.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, फोन केला की "खोली केवढ्याला?" एवढंच विचारू नका. पाच जणांचे सगळे मिळून किती, तळमजल्यावर खोली आहे का, गरम पाणी किती वाजेपर्यंत, हे विचारा. अख्खं घर ज्यात मावतं, तेच आपलं मध्यम हॉटेल.