इमारत राहिली, कामगार गेले

लंडनच्या ईलिंग भागात पेरिव्हेलचा हूव्हर कारखाना १९३३मध्ये सुरू झाला आणि १९८२मध्ये बंद पडला. लाल रूटमास्टर बसची इंजिने घडवणाऱ्या साउथॉलच्या एईसी कारखान्याला तर १९७९मध्येच टाळे लागले. हूव्हरची पांढरीशुभ्र दर्शनी इमारत संरक्षित वारसा म्हणून वाचली. मागे सुपरमार्केट आले, आत सदनिका झाल्या. १९८२ हे वर्ष मुंबईचे गिरणगावही विसरू शकत नाही. तिथे गिरणी कामगारांचा संप चिघळला, गिरण्या बुडाल्या, पुढे फिनिक्स मिलचा मॉल झाला. कारखान्याबरोबर कामगाराचे कसब आणि पाळ्यांवर चालणारी अख्खी वस्ती मोडीत निघते. अशा जागांच्या पुनर्विकासात कामगारांच्या घरांना आणि त्यांच्या आठवणींच्या जतनाला कायद्याने वाटा मिळालाच पाहिजे.