'केवळ वर्णनपर'

एखादा प्रबंध खाली ढकलायचा असला की आपल्याकडच्या परीक्षकांना दोन शब्द पुरतात : 'केवळ वर्णनपर'. वर्णन ही कारकुनी आणि विवेचन ही प्रज्ञा, अशी ही वाटणी आहे. आम्हांला ती मान्य नाही. ज्यांना आहे, त्यांनी एच. पी. गांधी यांचे काम पाहावे.

गांधी गोड्या पाण्यातील डायटमांचे अभ्यासक. कोल्हापूर परिसरातील डायटमांवरचा त्यांचा निबंध १९५८ साली आला, पन्हाळगडावरचा १९५९ साली. साध्या सूक्ष्मदर्शकावर त्यांनी आयुष्यभरात सुमारे ३०० जाती-उपजातींची वर्णने केली. डायटमला मराठी परिभाषेत 'करंडक वनस्पती' म्हणतात. (परिभाषाकोशांना नावे ठेवणाऱ्यांनी हा शब्द तरी आठवावा.) सिलिकेची दोन झाकणे एकमेकींत बसलेली, कुंकवाच्या करंड्यासारखी. नमुना आम्लात उकळला की जिवंत भाग जातो, कवच उरते. त्यावरच्या रेघा दहा मायक्रॉनांत किती, समांतर की कललेल्या, मध्याशी ठिपका एकाच बाजूला आहे काय, यांवर जात ठरते. पण निव्वळ मोजून नवेपण सिद्ध होत नाही. आधीच्यांनी जे जे नोंदवले ते, एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन ग्रंथांपर्यंत, वाचलेले असावे लागते. याला विवेचन म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

युरोपातल्या ग्रंथातले नाव इथल्या वेगळ्या जीवाला चिकटवणे ही या शास्त्रातली जुनी खोड. मराठी समीक्षेला ती अपरिचित नसावी. फरक एवढाच की तिथे चूक दुरुस्त करण्याची रीत आहे. गोम्फोनेमा या वंशातील कोल्हापूरच्या ज्या जाती गांधींनी नोंदवल्या होत्या, त्यांचा २०१२ साली बी. कार्तिक आणि जे. पी. कोसिओलेक यांनी पुनर्विचार केला, त्यांची प्ररूपे निश्चित केली. पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना हे काम घरचे वाटेल. त्याआधी, २०११ साली, वर्णिलेल्या एका नव्या जातीला गोम्फोनेमा गांधीआय असे नाव मिळाले. वर्णन करणाऱ्याचा असा सन्मान आमच्या क्षेत्रात आम्ही पाहिलेला नाही.

हे आम्ही रत्नागिरीत बसून लिहीत आहोत. इथल्या जांभ्याच्या सड्यांवर पावसाळ्यात डबकी भरतात आणि पाऊस सरला की आटतात. त्याच कातळावर खोदशिल्पेही आहेत. सातबाऱ्यावर मात्र अशा जमिनीपुढे 'पोटखराबा' असे लिहिलेले असते. हेही वर्णनच, फक्त न पाहता केलेले. त्या एका शब्दाच्या आधारे चिरेखाणी निघतात, कलमांसाठी कातळ फोडला जातो, आणि डबक्यात काय होते हे विचारायला कुणी उरत नाही. ज्याचे वर्णनच झाले नाही, ते नष्ट झाल्याची नोंद तरी कशी होणार?

उद्या मराठीच्या एखाद्या विद्यार्थ्याने एकाच सड्याचे चार महिन्यांचे वर्णन, तिथल्या माणसांच्या शब्दांसकट, प्रबंध म्हणून दिले, तर आपले विभाग ते स्वीकारतील काय? आम्ही हे विचारून पाहिले. विषय भूगोल विभागाकडे न्यावा, असे उत्तर मिळाले.