वाळलेलं झाड तोडायची एवढी घाई कशाला?

मंडळी, राग आला तरी चालेल, पण बोलतेच. बॅकयार्डात झाड वाळलं की आपण लगेच तोडणाऱ्याला फोन लावतो. का, तर ‘बरं दिसत नाही’. आणि मुलांना मात्र निसर्गाची पुस्तकं आणून देतो!

इथला पायलिएटेड वुडपेकर, म्हणजे कावळ्याएवढा, लाल तुऱ्याचा सुतार पक्षी, अशाच खोडांवर जगतो. लाकूड पोखरणाऱ्या मुंग्या हे त्याचं मुख्य खाणं. खोडावर लांबट चौकोनी भोकं दिसली की समजा, तो येऊन गेला. त्याने सोडलेल्या ढोलीत पुढे घुबडं राहतात.

त्याच्याहून मोठा आयव्हरी-बिल्ड जुनी जंगलं तोडल्याने गेला. १९४४ नंतर अमेरिकेत त्याचं सर्वमान्य दर्शन नाही.

घरावर पडेल असं झाड जरूर काढा. कोपऱ्यातलं राहू द्या, निदान दहा फूट खोड तरी. आणि शनिवारचा एखादा क्लास बुडवून मुलांसोबत त्याची ठकठक ऐका.

आमची लेक परवा ओरडली, “आई, सुतार आला!” हा शब्द तिला रविवारच्या मराठी शाळेत मिळाला नव्हता. त्या वाळक्या झाडामुळे मिळाला.