ओट्याचा सांधा कोठे असावा?

आपल्या बेळगावकडील घरांतून स्वयंपाकाच्या ओट्यास आता कडप्प्याऐवजी ग्रॅनाइट बसविण्याची रीत रूढ झाली आहे. इलकलच्या तांबूस दगडाचा रंग निवडताना आपण चार दुकाने पालथी घालतो. सांधा कोठे यावा, हे मात्र गवंड्यावर सोपवितो. हे उचित नव्हे, असे माझे नम्र मत आहे.

सिंक किंवा शेगडीसाठी दगड कापला की पुढे-मागे अरुंद पट्टीच उरते. १८ ते २० मिलिमीटर जाडीचा दगड तेथेच प्रथम तडकतो. त्यातच सांधा आला, तर पाणी झिरपते, पीठ अडकते, मुंग्या लागतात आणि नकळत जीवहिंसेस निमित्त होते. म्हणून सांधा सिंकपासून दूर, कोरड्या जागी व खालच्या उभ्या आधारावरच यावा. काटकोनी ओट्याच्या कोपऱ्यात तिरप्यापेक्षा सरळ सांधा बरा. त्यास मोडणारी निमुळती टोके राहत नाहीत.

धान्याचे पोते आपण शिवण पाहूनच उतरवून घेतो. तीच दृष्टी घरातही असावी. दगड कापण्यापूर्वी खडूने रेघ मारून गृहिणीची संमती घ्यावी. फूटभर दगड वाचविण्यासाठी भलत्या जागी सांधा पत्करणे, हा तोट्याचाच व्यवहार होय.