जाहीर आवाहन : ३० सप्टेंबरच्या आत घरातला जुना वीजबोर्ड बदला

लोहारा शहर व तालुक्यातील तमाम घरमालक, भाडेकरू, गणेश मंडळांचे कार्यकर्ते आणि बचत गटांच्या भगिनींनो,

पंधरा दिवसांपूर्वी आपल्या तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावठाणात कपडे वाळत घालताना एका माउलीला तारेचा शॉक बसला. दहावीतल्या लेकीने धावत जाऊन मेन स्विच पाडला, म्हणून ती माउली आज जिवंत आहे. तळहात मात्र भाजला. अर्धं गाव जमलं आणि सगळे एका सुरात वीज कंपनीला शिव्या द्यायला लागले.

आमच्या गटातल्या वायरमननी जाऊन पाहिलं. खांबापासून मीटरपर्यंत कसलाही बिघाड नव्हता. मीटरपासून न्हाणीघराकडे नेलेली वायर पत्र्याच्या अँगलवर घासून सोलली होती आणि कपड्यांची तार त्याच अँगलला बांधलेली होती. मग बोर्ड उघडला. लाकडी बोर्ड, मागून वाळवीने खाल्लेला. चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजला मधोमध तडा, कडा जळून काळ्या पडलेल्या. फ्यूजच्या तारेच्या जागी मोटारीच्या केबलमधले तांब्याचे तीन धागे पिळून भरलेले. घर पेटलं असतं, पण ते धागे वितळले नसते. आणि अर्थिंगची हिरवी वायर? ती होती. नीट गुंडाळून, वर टेप मारून, बोर्डाच्या कोपऱ्यात कोंबून ठेवलेली. ती कशालाच जोडलेली नव्हती. हिरवी वायर दिसते म्हणून घरातले इतकी वर्षं निर्धास्त होते.

त्याच गल्लीत आणखी काही घरांचे बोर्ड उघडून पाहिले. कुठे हिरवी वायर आहे पण खड्डा नाही, कुठे खड्डा आहे पण त्यातला पाइप गंजून संपलेला, कुठे अर्थिंगची पिन सरळ न्यूट्रलला जोडून दिलेली. यातला शेवटचा प्रकार सगळ्यांत घातक. बाहेर न्यूट्रल तुटला की फ्रिजच्या, कुलरच्या, वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येऊन बसतात. हे करून देणारा माणूस ‘काम झालं’ म्हणून पैसे घेऊन जातो, आणि आपण त्याला चहा पाजतो. त्याच्याकडे परवाना आहे का, हे आपल्यापैकी किती जणांनी आजवर विचारलं?

बंधू-भगिनींनो, हा तालुका काय सोसून उभा राहिला हे कुणी सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, भूकंपाची. विसर्जनाहून दमून आलेली गावं झोपेत होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती अंगावर कोसळल्या. आपलं सास्तूर उद्ध्वस्त झालं. नंतर दोन्ही जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. जागतिक बँकेचं कर्ज आलं, देशभरातून संस्था आल्या, जमीनधारणेप्रमाणे २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. त्या दिवसांत आपल्या अडाणी म्हणवणाऱ्या म्हाताऱ्याही कंत्राटदाराला हटकायच्या, ‘लिंटेलला सळई किती टाकली रे? कोपऱ्यात टाकली का?’ पोटची माणसं गाडली गेली होती, म्हणून ती हुशारी आली होती.

त्या घरांना आता पंचवीस-तीस वर्षं झाली. भिंती शाबूत आहेत. भिंतीतल्या वायरीचं काय? तेव्हा घरात दोन-तीन दिवे, एक पंखा, फार तर टीव्ही, एवढाच हिशेब होता. आज त्याच बोर्डावर फ्रिज, कुलर, मिक्सर, इस्त्री, गिझर, इंडक्शन शेगडी आणि बोअरची मोटार आहे. आकडे मांडून बघा. गिझर २,००० वॅट, इंडक्शन २,००० वॅट, एक हॉर्सपॉवरची मोटार ७५० वॅट. सकाळी सात वाजता तिन्ही सुरू असतील तर ४,७५० वॅट झाले, म्हणजे २० अँपियरच्या वर. दिव्या-पंख्यासाठी टाकलेल्या दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीला हा भार रोज सोसत नाही. वायर आतून तापते, वरचं प्लास्टिक कडक होऊन तडकतं, जोडावर ठिणगी पडते. आणि बोर्डाखाली आपण काय रचून ठेवतो? सोयाबीनची पोती.

गावठाणाबाहेर स्वतःच्या पैशाने बांधलेल्या बंगल्यांनीही फुशारकी मारू नये. फरशीला, पीओपीला, गेटला लाखो रुपये घालतात आणि वायरिंगच्या वेळी ‘स्वस्तात बसव बाबा’ म्हणतात. अशा नव्या घरांतही अर्थिंगच्या नावाने फुटभर सळई ठोकलेली आम्ही पाहिली आहे.

आता कायद्याचं. खांबापासून मीटरपर्यंतची जबाबदारी महावितरणची, मीटरच्या पुढची तुमची. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षा नियम आहेत, त्याआधी २०१० चे होते. बल्ब, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली तर घरातलं वायरिंगचं काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच आणि सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली व्हायला हवं, असं या नियमांत आहे. गळती ओळखून पुरवठा तोडणारं यंत्र बसवावं, तेही याच नियमांत आहे. वायरिंग कसं करावं यासाठी भारतीय मानक ७३२ आहे, अर्थिंगसाठी ३०४३ आहे. हे आमच्या गटाने मनाने काढलेलं नाही.

गळतीच्या या यंत्राला आरसीसीबी म्हणतात, जुने लोक ईएलसीबी म्हणतात. जीव वाचतो तो याच्यामुळे, म्हणून नीट समजून घ्या. एमसीबी बसवली की झालं, असं आपल्याकडे दहातले नऊ जण मानतात. एमसीबी जादा भारावर आणि शॉर्ट सर्किटवर पडते. कुलरच्या पत्र्यात करंट उतरला आणि तुमच्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध समजा २० ओहम आहे, तर जमिनीत जाणारा करंट साडेअकरा अँपियर. १६ अँपियरची एमसीबी यावर हलणारसुद्धा नाही. पत्रा जिवंतच राहणार आणि पाणी भरायला गेलेलं लेकरू त्याला हात लावणार. आरसीसीबी मात्र फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, हे सतत मोजते. ३० मिलिअँपियरचा फरक पडला की क्षणार्धात पुरवठा तोडते. माणसाच्या हृदयाचे ठोके बिघडवायला याच्या दुप्पट-तिप्पट करंटही पुरतो. म्हणून घरासाठी ३० मिलिअँपियरचीच घ्यायची. दुकानदार १०० किंवा ३०० ची स्वस्तात देतो म्हणाला तर परत करा. ती आगीपासून राखायला आहे, माणसाला वाचवायला नाही.

पण आरसीसीबी जादा भारावर पडत नाही, म्हणून एमसीबीही हवीच. आणि एका हातात फेज, दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला तर आरसीसीबीलाही काही कळत नाही. तेव्हा बोर्डात हात घालायची मस्ती नको.

देशात विजेच्या धक्क्याने वर्षाला बारा हजारांच्या वर माणसं मरतात, ही सरकारी नोंद आहे. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीने १० नवजात बाळं नेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागातले ११ रुग्ण गेले. दोन्ही वेळी बोट विजेच्या बिघाडाकडे गेलं. राज्यभर रुग्णालयांच्या तपासण्यांचे आदेश निघाले. घरांच्या तपासणीचा आदेश कोण काढणार? तुमच्या घरात कुणी अधिकारी येणार नाही. तुम्हालाच बघावं लागेल.

‘तीस वर्षं काही झालं नाही’ हे वाक्य कृपा करून आमच्यासमोर कुणी उच्चारू नये. २९ सप्टेंबर १९९३ लाही काही झालेलं नव्हतं. ‘एमसीबी सारखी पडत होती म्हणून काढून टाकली’ म्हणणारेही आहेत. ती पडत होती कारण दोष होता. आरसीसीबी पडते तेव्हा कुठेतरी ओल असते, गिझरची कॉइल फुटलेली असते किंवा इन्व्हर्टरचा न्यूट्रल दुसऱ्या न्यूट्रलमध्ये मिसळलेला असतो. तो दोष शोधायचा, की राखणदारालाच हाकलायचं? आणि पैशाचं रडगाणं तर नकोच. लग्नातल्या डीजेचे पैसे उभे राहतात. लहान घराची आरसीसीबी, चार-पाच एमसीबी आणि पत्र्याचा वा प्लास्टिकचा डबा, एवढं सामान एका बऱ्या मोबाइलच्या किमतीत येतं. ज्यांची खरंच ऐपत नाही, निराधार आहेत, एकट्या म्हाताऱ्या आहेत, त्यांची मजुरी आमचे वायरमन घेणार नाहीत. हे आम्ही जाहीरपणे लिहून देतो.

आता कामाला लागा.

पहिल्यांदा घरातल्या बाकी कामांआधी मेन स्विचशेजारी डबल पोल आरसीसीबी. त्यानंतर दिवे-पंखे, प्लग, गिझर, मोटार यांच्या वेगवेगळ्या एमसीबी. दिव्यांना दीड, १६ अँपियरच्या प्लगला अडीच, गिझरला आणि मीटरपासून बोर्डापर्यंत चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, आयएसआय मार्क बघून. मोठ्या भाराच्या घरांनी मेनची वायर ठेकेदाराकडून हिशेब करून घ्यावी. एमसीबी वायरीला झेपेल तेवढीच. वायर जुनी बारीक ठेवून ३२ ची एमसीबी लावणं म्हणजे पुन्हा तांब्याचे तीन धागेच. लाकडी बोर्ड फेकून द्या, चुलीत घाला, पण भिंतीवर ठेवू नका.

अर्थिंगला अडीच मीटरचा जस्ताचा मुलामा असलेला पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर झाकण असलेला चौकोन. आपली काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पाइपला सोडून बाजूला होते, म्हणून मार्चपासून पाऊस पडेपर्यंत आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. नुसता खड्डा करून थांबू नका, ठेकेदाराला मीटर लावून रोध मोजायला लावा आणि आकडा कागदावर घ्या. अर्थिंगवर बल्ब लावायची खोड आजपासून बंद. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन मोडायची खोडही बंद. कपड्यांची तार काढा आणि नायलॉनची दोरी बांधा. हे काम आज, हा कागद वाचून झाल्यावर लगेच करा. त्याला फार पैसे लागत नाहीत.

काम झालं की ठेकेदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट मागा. रिपोर्ट नाही तर शेवटचा हप्ता नाही. भार वाढला असेल तर महावितरणकडे मंजूर भार वाढवायचा अर्ज करा. सर्व्हिस वायर लोंबत असेल, मीटरपाशी ठिणग्या दिसत असतील तर १९१२ वर तक्रार नोंदवून क्रमांक लिहून ठेवा. आकडा टाकणाऱ्यांबद्दल आम्हाला सहानुभूती नाही. वीज कायदा २००३ च्या कलम १३५ प्रमाणे ती चोरी आहे, आणि त्या आकड्याने शेजाऱ्याच्या गोठ्यातली जनावरं मरतात.

प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं म्हणून गावोगाव छतावर पॅनेल चढत आहेत. आनंद आहे. पण खाली तोच किटकॅटचा बोर्ड ठेवून वर सोलर बसवू नका. आधी बोर्ड आणि अर्थिंग, मग पॅनेल.

शॉक लागलेल्या माणसाला तो विजेपासून सुटेपर्यंत हात लावू नका. मेन पाडा, नाही सापडला तर कोरड्या लाकडाने बाजूला करा, श्वास नसेल तर छातीवर दाब द्यायला लागा आणि १०८ ला फोन करा. हे प्रत्येक शाळेत एकदा करून दाखवायला आम्ही तयार आहोत, मुख्याध्यापकांनी फक्त तास द्यावा.

आमच्या गटात परवानाधारक ठेकेदार आहेत, वायरमन आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, आयटीआयची पोरं आहेत. गेल्या गणेशोत्सवात मांडवांची जोडणी आम्ही रात्री जागून तपासली, कुणाचा चहासुद्धा न पिता. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचं नाव अभिमानाने घेणारा हा तालुका आहे. निजामाच्या राज्यात ती शाळा चालवायला छाती लागली होती. आपल्याला डबाभर एमसीबी बसवायच्या आहेत.

प्रत्येक गावाने, सास्तूर, माकणी, जेवळी, अचलेर, तावशीगड, कानेगाव, सगळ्यांनी गल्लीवार याद्या करायच्या आहेत. घर क्रमांक, बोर्ड लाकडी की नवा, आरसीसीबी आहे का, अर्थिंग मोजलं का, चार रकाने पुरे. सरपंच, पोलीस पाटील आणि मंडळाचे अध्यक्ष यांनी सह्या कराव्यात. ३० सप्टेंबरला भूकंपातल्या आपल्या माणसांना श्रद्धांजली वाहायला जमू, तेव्हा याद्या घेऊन या. ज्या गावाची यादी नसेल त्या गावाचं नाव तिथे वाचून दाखवलं जाईल. कुणाला वाईट वाटलं तरी चालेल.

आमचे वायरमन आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळपासून बाजारात टेबल टाकून बसतील. येताना वीजबिलाची झेरॉक्स आणा, मंजूर भार त्यावर छापलेला असतो. बोर्ड उघडू नका, मोबाइलवर बाहेरूनच फोटो काढून आणा.

आपले,
लोहारा तालुक्यातले वायरमन, निवृत्त शिक्षक आणि गणेश मंडळांचे कार्यकर्ते