उपास सुटतो कशाने?

आषाढी जवळ आली की पनवेलच्या बाजारात साबुदाणा आणि वरईला गिऱ्हाईक वाढते. घरोघरी खिचडी, वडे, बटाट्याची भाजी होते. आपण त्याला फराळ म्हणतो; शरीराच्या लेखी ते पिठूळ जेवणच असते. साबुदाण्यात शंभर ग्रॅममागे सुमारे ८७ ग्रॅम कर्बोदके आणि नाममात्र प्रथिने असतात. तो पचला की रक्तातील साखर चढते, इन्सुलिन स्रवते, यकृत जादा साखरेची चरबी करू लागते आणि मेदपेशींतला जुना साठा तिथेच अडकून राहतो. पोट खरोखर रिकामे राहिले तर इन्सुलिन उतरते, चरबी तयार होणे मंदावते आणि साठा मोकळा होऊ लागतो. मात्र उपाशी ठेवलेल्या उंदरांना नंतर भरपूर कर्बोदके दिली, तेव्हा त्यांच्या यकृतातील चरबीनिर्मिती पूर्वीपेक्षाही वर गेली. म्हणून उपास किती कडक केला याइतकेच तो कशाने सोडला याला महत्त्व आहे.

माणसाच्या शरीरात साखरेपासून चरबी फार थोडी बनते, हा आक्षेप निरोगी माणसाच्या बेताच्या आहारापुरता खरा आहे. पण २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, यकृतात मेद साचलेल्या रुग्णांच्या त्या मेदापैकी सुमारे २६ टक्के भाग शरीराने नव्याने घडवलेला आढळला. आपण तर आधीच जोखमीत आहोत. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना मांडली. दोघांचा बीएमआय २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. बारीक दिसणे ही आपल्यासाठी हमी नव्हे. त्यात लोकलने सव्वा तासाहून अधिक प्रवास करून सीएसएमटी गाठणारा आणि दिवसभर खुर्चीत बसणारा पनवेलकर ती साखर स्नायूंत खर्च तरी कधी करणार?

उपास श्रद्धेचा असतो, त्यात वजनाचा हिशेब कशाला, असेही कोणी म्हणेल. श्रद्धेचा मान राखूनच सांगायचे तर उपासाचे मूळ संयमात आहे, आणि तळलेल्या वड्यांच्या ताटात तो उरत नाही. साबुदाणा वाटीभरच घ्यावा. सोबत दही, ताक, मूठभर शेंगदाणे असावेत. द्वादशीचे पारणे गोडाने न करता वरण, उसळ आणि भाजीने करावे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरू नये. एवढे सांभाळले, तर एकादशीने दिलेली विश्रांती द्वादशीला वाया जाणार नाही.