परसांतील उद्योग : मधमाश्यांचें घर कां फुटतें?

डहाणूकडील एका वाचकभगिनींनीं लिहिलें आहे : "घरच्या चिकूच्या वाडींत सातेरी माश्यांच्या दोन पेट्या ठेविल्या आहेत. दिवाळीनंतर दोन्ही गजबजून गेल्या. यंदां भरपूर मध मिळणार म्हणून मंडळी आनंदांत होती. आंब्याला मोहोर आला आणि एके दिवशीं दुपारीं एका पेटींतल्या निम्म्या माश्या उठून पलीकडच्या चिंचेच्या फांदीला लोंबल्या, व दुसऱ्या दिवशीं तेथूनही नाहींशा झाल्या. मागें उरलेल्या पेटींत मध कांहीं भरेना. हा कसला रोग?"

रोग नव्हे. माश्या रुसल्या नाहींत कीं भ्याल्या नाहींत. त्यांची भरभराट झाली, घर अपुरें पडलें आणि कुटुंब विभक्त झालें. एका वसाहतीच्या दोन होण्याचा निसर्गानें नेमलेला मार्ग हाच होय. मधाच्या दृष्टीनें मात्र तो मोठाच तोटा. जाणाऱ्या माश्या पोटभर मध बरोबर नेतात. कामाचे निम्मे हात जातात. आणि मागील घरांत नवी राणी जन्मून, तिचा नराशीं संयोग होऊन ती अंडीं घालूं लागेपर्यंत दोनतीन आठवडे पाळणा हलत नाहीं. हे आठवडे नेमके मोहोराचे असले म्हणजे वर्षाचें उत्पन्न गेलेंच म्हणून समजावें.

आपल्याकडे घर फुटलें कीं बहुधा धाकटी पाती वेगळें बिऱ्हाड करते. माश्यांत याच्या उलट रीत आहे. जुनी राणी, म्हणजे घरची आईच, निम्मी प्रजा घेऊन बाहेर पडते आणि भरलें घर लेकीला देऊन जाते. औदार्य खरें, पण पेटी पाळणाराला तें परवडत नाहीं.

येथें एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. थवा सुटणें निराळें आणि घर टाकून जाणें निराळें. थवा सुटतो तो सुबत्तेंत. निम्म्या माश्या मागें राहतात, पोळ्यांत अळ्या व राणीघरें असतात. घर टाकून जाणें होतें तें उपासमारीमुळें, मुंग्या-मेणकिड्यांच्या उपद्रवामुळें, उन्हाच्या तापामुळें किंवा पेटी वारंवार उघडून दिलेल्या त्रासामुळें. तेव्हां सगळ्याच माश्या जातात आणि पोळीं ओस पडतात. सातेरीच्या अंगीं या दोन्ही खोडी आहेत. तरीही दोनचार पेट्यांच्या घरगुती उद्योगाला तीच योग्य, असें माझें मत आहे. आग्या व फुलोरी या उघड्यावर एकच पोळें बांधतात, त्या पेटींत नांदत नाहींत. युरोपांतून आणलेली मेलिफेरा मध पुष्कळ देते, परंतु पुरतें उत्पन्न हवें तर तिच्या पेट्या फुलोऱ्यामागून गांवोगांव हिंडवाव्या लागतात, आणि तें काम घरसंसार सांभाळून होण्यासारखें नव्हे. सातेरी मुळांतच झाडाच्या ढोलींत, वारुळांत, भिंतीच्या पोकळींत समांतर पोळीं बांधून राहणारी. म्हणून ती पेटींत रुळते. चौकट आणि पेटीची भिंत यांमध्यें माशीला जाण्यायेण्यापुरतीच फट ठेविली तर ती फट माश्या बुजवीत नाहींत, हें अमेरिकेंतील लँगस्ट्रॉथ यानें १८५१ सालीं ओळखलें, तेव्हांपासून पोळें न मोडतां बाहेर काढून पाहणें शक्य झालें. पुढें दक्षिण भारतांत फादर न्यूटन यांनीं आपल्या लहान माशीस मानवेल अशी लहान पेटी केली. पाहतां येतें म्हणूनच उपाय करतां येतो; तें न पाहिलें तर पेटी काय आणि ढोली काय, सारखींच.

थवा सुटण्याच्या आधीं पेटी आपण होऊन बोलूं लागते. प्रथम नरांचीं घरें वाढतात. सातेरीच्या बंद नरघराच्या टोपणाला मधोमध सुईनें पाडल्यासारखें छिद्र असतें, त्यावरून तें ओळखावें. मग पोळ्याच्या खालच्या कडेला अधोमुख बोंडासारखीं राणीघरें लोंबूं लागतात. जुनी राणी अंडीं घालणें कमी करून सडपातळ होते, कारण तिला आतां उडावयाचें असतें. दाराशीं माश्यांचा घोस लोंबतो. मात्र नुसत्या घोसावरून निर्णय करूं नये. उकाड्यानेंही माश्या ओसरीवर येऊन बसतात.

हंगामांत पेटी दर सात दिवसांनीं तपासावी असें सांगतात, त्यामागें हिशेब आहे. राणीघरांतील अंडें सुमारें तीन दिवसांनीं फुटतें, अळी पांचएक दिवस वाढते, आणि आठव्या दिवसाच्या सुमारास घराचें तोंड बंद होतें. तें बंद झालें कीं पहिल्या चांगल्या हवेच्या दिवशीं जुनी राणी निघते. पंधरा दिवसांनीं पेटी उघडणाराला राणीघरें दिसतात तीं बहुधा थवा गेल्यानंतर!

उपायांत पहिला मान जागेचा. राणीच्या अंगचें एक गंधद्रव्य माश्यामाश्यांतून फिरत असतें. तें सर्वांना पोंचतें तोंवर नवी राणी करण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. गर्दी झाली किंवा राणी वयस्क झाली म्हणजे तो वांटा पुरत नाहीं. म्हणून शिशुकक्ष भरत आला कीं लागलाच वर मधकक्ष चढवावा. मध येऊं लागल्यावर चढवूं म्हणणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणें. काळीं जुनाट पोळीं काढून रिकाम्या चौकटी द्याव्या, म्हणजे मेण करणाऱ्या तरुण माश्यांना काम मिळतें. पेटी दुपारच्या सावलींत असावी. राणी वर्षादोनवर्षांनीं बदलावी.

पुष्कळ लोक राणीघरें चिमटून टाकतात आणि निश्चिंत होतात. हा अर्धा उपाय होय. कोपऱ्यांतलें एक घर नजरेंतून सुटलें तरी श्रम फुकट. आणि थवा आधींच गेला असेल तर तीं घरें मोडणें म्हणजे उरलेल्या घराला निपुत्रिक करणें. राणीचे पंख कापण्याची युक्तीही मला मान्य नाहीं. थवा तर निघतोच, आणि राणी खालीं पडून मुंग्यांच्या तोंडीं जाते.

खरा उपाय म्हणजे माश्यांनीं करण्याआधीं आपणच वाटणी करणें. पेटी भरलेली, नर हिंडतांना दिसत आहेत आणि राणीघरें धरलीं आहेत, अशा वेळीं जुन्या राणीला अळ्यांच्या व मधाच्या तीनचार चौकटींसह, त्यांवरील माश्यांसकट, नव्या पेटींत घालावें आणि ती पेटी दूर ठेवावी. मूळ पेटींत एकदोन उत्तम राणीघरें ठेवून बाकीचीं काढावीं. वयस्क माश्या उडून जुन्या जागींच परततात, म्हणून नव्या पेटींत तरुण माश्या भरपूर झटकाव्या व साखरेचा पाक द्यावा. वाटणीच्या दिवसांत नर नसले तर नवी राणी वांझ राहते, हें विसरूं नये.

ही वाटणी केव्हां करावी यावर सर्व कांहीं अवलंबून आहे, आणि येथें पुस्तकापेक्षां आपलें शिवार पाहावें. तलासरीच्या वरकस उतारांवर पाऊस सरतां सरतां खुरासणी फुलते. तेथून माश्यांची भर सुरू होते. पुढें आंबा, मग काजू, आणि उन्हाळ्याच्या तोंडीं जांभूळ. चिकू व नारळ थोडेंथोडें वर्षभर देतात. मधाची खरी आवक मोहोरापासून जांभळापर्यंतची. तेव्हां वाटणी कार्तिक-मार्गशीर्षांत उरकली तर मोहोर येईतों दोन्ही घरें भरतात. माघांत केली तर दोन दुबळीं घरें पदरीं पडतात. सरकारनें १९९१ सालीं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. वाड्या व रान जवळजवळ असणें हें येथल्या माशीचें भाग्य. त्या भाग्यावर वाडीवालाच औषधाचा पंप घेऊन उठतो! मोहोरावर फवारा मारणें अटळच असेल तर माश्या घरीं परतल्यावर, दिवस मावळतांना मारावा.

थवा सुटलाच तर घाबरूं नये. फांदीला लोंबणाऱ्या माश्या सहसा चावत नाहींत. त्यांचीं पोटें भरलेलीं असतात आणि राखावयास घर नसतें. शोधक माश्या नवी ढोली पाहून परतेपर्यंत, म्हणजे कधीं तासदोन तास, कधीं दिवसभर, तुम्हांस अवधि असतो. पाणी हलकेंच शिंपडावें, सुपांत किंवा टोपलींत घोस उतरून घ्यावा आणि सायंकाळीं पेटींत सोडावा. दुसऱ्या पेटींतील अळ्यांची एक चौकट आंत दिली कीं माश्यांचा पाय अडतो. लेंकरें टाकून जाणें त्यांस जड जातें. ढोलींतील सातेरी कशी काढावी हें मात्र गांवांतल्या जाणत्या वारली शेतकऱ्याकडूनच शिकावें. कोसबाडच्या टेकडीवर कृषि विज्ञान केंद्र आहे, पुण्यास १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. पेटी घेण्याआधीं तेथें चौकशी करावी. महाबळेश्वराजवळचें मांघर २०२२ सालीं "मधाचें गांव" म्हणून पुढें आलें तें पेट्यांच्या संख्येवर नव्हे, पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीवर. फुकट मिळालेल्या पेट्या रिकाम्या पडलेल्या मीं पुष्कळ ठिकाणीं पाहिल्या आहेत.

मध काढावा तो वरच्या कक्षांतला व टोपण घातलेला, यंत्रानें. पोळें पिळून नव्हे. सातेरीच्या पेटीस वर्षाला चारसहा किलो मध मिळाला तरी समाधान मानावें. ज्येष्ठ लागतां काढणी बंद. येथला पाऊस चार महिने माशीला दाराबाहेर पाय टाकूं देत नाहीं. शिशुकक्षांतला मध तिच्या बेगमीचा आहे. तो हावेनें काढला तर श्रावणांत पेटी ओस. साठा कमी वाटल्यास साखर व पाणी समभाग घेऊन केलेला पाक सायंकाळीं पेटीच्या आंत ठेवावा आणि घोडीच्या पायांखालीं पाण्याच्या वाट्या ठेवून मुंग्या अडवाव्या.

घरचा शुद्ध मध आला कीं आजीबाई बाळाला चाटवावयास निघतात. जातकर्मांत मध-तूप चाटविण्याची रीत जुनी असली तरी डॉक्टरांचें सांगणें स्पष्ट आहे : एक वर्षाच्या आंतील मुलास मध मुळींच देऊं नये. शुद्ध मधांतही बोट्युलिझम नांवाच्या विकाराचें सूक्ष्म बीज असूं शकतें. मोठ्यांच्या आंतड्यांत तें रुजत नाहीं, तान्ह्याच्या आंतड्यांत रुजतें. तेवढें एक वर्ष बरणी वरच्या फळीवर असावी.